नावेला बांधलेली तिफण

ऋतुजाचं लग्न उदगीरच्या घरात झालं ते साल दोन हजार चोवीस. नातीचं लग्न म्हणून शेषेरावांना ते साल लक्षात राहायला हवं होतं, पण राहिलं ते पंगतीत स्वतःच्या तोंडातून निसटलेल्या एका शब्दामुळं.

नवरदेवाचे आजोबा अर्जुनराव शेजारी जेवायला बसले होते. भला माणूस, पण चौकशीची भारी हौस. पहिला घास तोंडात जायच्या आधीच त्यांनी विचारलं, "शेती किती म्हणायची तुमची?"

"नऊ एकर. काळी, एका तुकड्यात."

"यंदा काय हाय रानात?"

"पाणी."

अर्जुनरावांना वाटलं, विहिरीचं सांगतायत. मग पलीकडच्या पाव्हण्यानं हळूच समजावलं, की यांचं गाव मन्याड नदीवरच्या धरणात गेलं, रानही गेलं, त्याला सोळा-सतरा वर्षं झाली. अर्जुनराव वरमले. विषय तिथंच मिटला असता. पण शेषेरावांना कुणी आपली कीव केलेली सोसत नाही आणि कीव टाळायला ते वाटेल ते बोलतात.

"तसं काई न्हाई पाव्हणं," ते म्हणाले. "जात-येत असतो की आम्ही रानात. नाव हाय आपली."

नाव! शेषेरावांकडं तेव्हा नाव काय, नावेचं चित्रसुद्धा नव्हतं. पण समोर बसलेला नवा नातजावई दयानंद एकदम सरसावला. या पोराचं अर्धं तारुण्य मोबाईलवर मासेमारीचे व्हिडिओ बघण्यात गेलेलं. "आजोबा, मासे पण धरता?"

"धरतो की."

हा दुसरा शब्द. पत्रावळीपलीकडून चतुराबाईंनी नवऱ्याकडं अशी नजर टाकली, की शेषेरावांना पुढची जिलेबी गोड लागली नाही.

अशा रीतीनं शेषेरावांना वयाच्या बहात्तराव्या वर्षी नाव घेणं भाग पडलं. लोकांना त्यांनी हेच कारण सांगितलं, की पाव्हण्यांपुढं शब्द गेला. खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण ते सांगितलं असतं तर लोक हसले असते, किंवा हसले नसते, आणि दुसरं जास्त वाईट.

कारण होतं येळवस. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आख्खा गाव रानात जेवायला जातो. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, तिच्यात पाच खड्यांचे पांडव मांडायचे, रानाभोवती आंबिलाची चर शिंपायची, आणि ज्याला रान नाही त्याला बोलावून पालेभाज्या-शेंगांची भज्जी, ज्वारीचे उंडे, खीर पोटभर जेवू घालायची. शेषेरावांच्या चिंचेखाली एके काळी इतकी माणसं जेवायची, की चतुराबाई आंबिलाला रांजण काढायच्या. धरण झालं आणि शेषेराव बोलावणाऱ्यातून निघून बोलावलेल्यात गेले. दर येळवशीला कुणीतरी आग्रहानं न्यायचं. ते जायचे, जेवायचे, आंबिलाची तारीफ करायचे आणि घरी येऊन पोट दुखतंय म्हणून निजायचे. एकदा, फक्त एकदा, आपल्या रानात जाऊन येळवस करावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. रान पाण्याखाली असलं म्हणून काय झालं, जागा तर तीच आहे.

दिवाळीला नाव आली. पांढरी, फायबरची, टेम्पोत पालथी घातलेली. गावातल्या पोरांनी तिला बाथटब म्हणून टाकलं. नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, आणि शेषेराव ऐटीत आत जाऊन बसले ते मागल्या बाजूला तोंड करून. केरबा भोयानं काठावरून विचारलं, "आबा, उलटं जायाचं हाय का?"

केरबाचा जन्म पाण्यावर गेलेला, पण थर्माकोलच्या तराफ्यावर. पाय सदा ओले. त्या पांढऱ्या नावेकडं तो ज्या नजरेनं बघत होता, ती नजर शेषेरावांनी बैलबाजारात पुष्कळदा बघितली होती.

चतुराबाई नाव बघायला आल्याच नाहीत. त्या पाण्याकडं बघतच नसत. नव्या गावात घर बांधताना त्यांनी गवंड्याला सांगितलं होतं, मागल्या भिंतीला खिडकी नको. मागं धरण दिसतं. गवंडी म्हणाला, वारा येणार नाही. त्या म्हणाल्या, नको येऊ दे.

संध्याकाळी मात्र त्यांनी निकाल दिला.

"आवं, तुम्हाला मासे धरायचेत न्हवं? धरा. येळवशीच्या आदल्या दिवसापोतर एक मासा आणून दाखवा. एकच. तुमच्या हातानं, तुमच्या गळाला लागल्याला."

"आन न्हाई लागला तर?"

"तर नाव केरबाला द्यायची. त्याला तरी कामाला येईल. मला या वयात काठावर बसून तुमची वाट बघायची न्हाई."

झाली पंचाईत. नाव गेली तर येळवस गेली. आणि नाव राखायची तर मासा धरणं आलं. शेषेरावांनी उभ्या जन्मात मासा धरला होता तो ताटातला.

दयानंद दिवाळसणाला आला होता. सण जावयाचा, पण सासरी येऊन तो आजेसासऱ्यालाच भेट देऊन बसला: बॅटरीवर चालणारी एक बारकी मोटर. "आजोबा, जाळं नको, काठावरचा गळ नको. आपण ट्रोलिंग करू. नाव हळूहळू चालत राहते, मागं दोऱ्या सोडायच्या, दोरीला खोटा मासा. तो पाण्यात पळतो, मोठा मासा त्याच्यामागं येतो आणि गप्पकन गिळतो."

शेषेरावांनी डोळे मिटून ते चित्र बघितलं. पुढं ओढणारं काहीतरी, मागं जमिनीत चाललेलं काहीतरी, एका रेषेत, हळूहळू. त्यांचा चेहरा खुलला. "म्हंजे पेरणीच की!"

सगळा घोटाळा या एका वाक्यातून झाला.

दुसऱ्या दिवशी दोघं नांदेडला सामान घ्यायला गेले. दुकानात भिंतभर रंगीत खोटे मासे टांगलेले: निळे, पोपटी, डोळे वटारलेले. दुकानदार तरुण होता, अदबीनं बोलत होता. "काका, कुठला मासा धरायचा?"

शेषेराव भिंतीकडं बघत म्हणाले, "कोणताबी चालंल. एकच पायजे."

"बरं, पाणी किती खोल आहे?"

हे मात्र पाठ होतं. "विहिरीपाशी सात परस, पर विहीर सोडून. धुऱ्याशी चार. चिंचंपाशी साडेतीन, तिथं जरा चढ हाय. वगळीच्या ओढ्याकडनं रान उतरतं."

परस म्हणजे उभ्या माणसाएवढी खोली, विहिरीचं माप. दुकानदारानं नातजावयाकडं बघितलं, नातजावयानं छताकडं.

मग निवड सुरू झाली. दयानंदचं म्हणणं, दोन रॉड, बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, आणि वरच्या पाण्यात पळणारे हलके मासे. शेषेरावांना हलकं काही पसंतच पडेना. तंगूस बोटावर ओढून बघायचे आणि म्हणायचे, "ही सूतपुतळी झाली. कासरा दाखवा." खोटे मासे तळहातावर तोलायचे आणि परत द्यायचे. शेवटी त्यांनी दुकानातली सगळ्यात जाड तंगूस, सगळ्यात खोल जाणारे तीन मासे आणि एक मूठभर शिसं निवडलं. शिशाचे गोळे बघून दुकानदाराला राहवलं नाही.

"काका, मासा धरायचाय की बोअर मारायचाय?"

"वरवर काय घावतंय रे," शेषेराव म्हणाले. "खोल गेल्याबिगर पीक येत न्हाई."

आणि रॉड दोन नाही, तीन. तीनच का, असं दयानंदनं विचारलं. शेषेरावांनी त्याच्याकडं असं बघितलं, जणू पोरानं आठवड्याला वार किती असतात असं विचारलं होतं.

घरी येऊन त्यांनी नावेच्या मागं आडवा बांबू बांधला. त्याला वीत-वीत अंतर मोजून तीन रॉड ताठ उभे केले, सुताराकडून पाचरी मारून घेतल्या. झाली तिफण, तीन फणांची. ज्वारी पेरायला याहून सरस अवजार त्या नावेवर बसवता आलं नसतं. मासे धरायला याहून वाईट कुठलंच नव्हतं, पण ते कळायला पाण्यात उतरावं लागलं.

पहिल्या दिवशी काठावर बरीच मंडळी जमली. केरबा तराफ्यावर बाजूनं चालला. शेषेरावांनी मोटर सुरू केली, तीन दोऱ्या सोडल्या आणि समोरच्या टेकडीवरचं लिंबाचं झाड नजरेत धरून पेरणीचं तास घातलं. सरळ, दोरी लावल्यासारखं. चाळीस वर्षांचा हात तो. काठावरून कुणीतरी "वा आबा" म्हटलं, आणि शेषेरावांना वाटलं, यात काय अवघड आहे, भोई लोक उगाच एवढा बडेजाव करतात.

मग धुरा आला, रानाची हद्द. पाण्यावर धुरा कुणाला दिसत नव्हता, पण शेषेरावांना दिसला. धुऱ्याशी आल्यावर पेरणारा जे करतो ते त्यांनी केलं. "होऽ होऽ" म्हणून मोटरीला दम दिला आणि नाव जागच्या जागी गर्रकन वळवली, शेजारून दुसरं तास धरायला. बैल वळले की तिफण उचलतात. इथं तिफण कोण उचलणार? तिन्ही दोऱ्या नावेखालून गेल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या, मोटरीच्या पंख्याला गुंडाळल्या, आणि नाव मधोमध उभी राहिली.

केरबानं जवळ येऊन तो गुंता वर उचलला. उलटासुलटा करून बघितला.

"आबा, येणी लई नामी घातली. आता गजरा तेवढा माळा."

नाव तराफ्याला बांधून काठाला आणावी लागली. संध्याकाळपर्यंत गावात पोरं एकमेकांना "होऽ होऽ" करून वळत होती. चतुराबाईंनी भाकरी वाढताना विचारलं, "दोन तासं झाली म्हनं. उगवण कधी?"

दुसऱ्या दिवशी शेषेरावांनी तिफणीची एकफणी केली. एकच रॉड, एकच दोरी. वळताना मोठा वळसा. तेवढं शिकले. पण शिसं काही कमी केलं नाही.

केरबा सांगून थकला. "आबा, मरळ वर ऱ्हाती. तुम्ही खाली काय खरडून राहिले?"

"तुला काय ठावं?"

"मला न्हाई तर कुणाला? आन मंगळवारी तर येऊच नगा. मंगळवारी मरळ तोंड उघडत न्हाई."

"तुला बुधवारी तरी कुठं घावली?"

यावर केरबा तराफा वळवायचा, कारण त्याच्या जाळ्यात त्या महिन्यात नुसत्या चिलापी येत होत्या.

रोज सकाळी शेषेराव निघायचे. एका ठरावीक जागी आलं की दोरीला हिसका बसायचा, रॉड कमान व्हायचा, शेषेराव ओरडायचे "लागला!", आणि नाव उभी. मासा नसायचा. खाली गळ कशात तरी अडकलेला असायचा. ओढून ओढून शेवटी तंगूस तुटायची. पोपटी मासा गेला, निळा गेला, डोळे वटारलेला गेला. दयानंदनं उदगीरहून आणखी पाठवले, तेही गेले. फोनवर तो काकुळतीला यायचा. "आजोबा, ती जागा सोडा ना. बाकी एवढं धरण पडलंय."

"सोडतो," शेषेराव म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी नावेचं नाक तिकडंच.

कारण चौथा की पाचवा मासा गेला तेव्हा त्यांना कळलं होतं, गळ कशात अडकतो ते. टेकडीवरचं लिंब समोर, जुन्या देवळाचा कळस पाण्याबाहेर डाव्या अंगाला, आणि खाली साडेतीन परस. चिंच. आपली चिंच. धरणाच्या वेळी तोडायला आले होते, तेव्हा शेषेरावांनी हात जोडून तिचा शेंडा तेवढा उडवू दिला होता, खोड राखलं होतं. ती अजून उभी होती आणि एकेक रंगीत मासा काढून घेत होती. शेषेराव दोरी ताणून धरायचे. बोटांना खालून एक जडपणा लागायचा. कासऱ्याला धरलेला बैल उभा असला की लागतो तसा. ते उगीच "बस, बस" म्हणायचे आणि मग तंगूस तोडायचे. मासा लागत नव्हता याची काळजी वाटायला हवी होती, पण त्या वेळी वाटत नसे. नंतर, काठाला आल्यावर, वाटायची.

असं करता करता येळवशीचा आदला दिवस आला. सामानात एक शेवटचा मासा उरला होता, तोही सकाळीच चिंचेला वाहून झाला. शेषेराव काठावर नावेला टेकून बसले. त्यांनी मोटर सोडून पोत्यात बांधली. बांबू सोडला. द्यायचं तर पुसून द्यावं म्हणून नाव आतून पुसायला घेतली.

केरबा आला. त्यानं नावेला कोणता रंग द्यायचा ते कधीच ठरवून ठेवलं होतं, आणि बायकोलाही सांगून टाकलं होतं. त्यानं नावेची कड चाचपून बघितली. मग म्हणाला, "आबा, माझ्या जाळ्यात आज एक मरळ हाय. हातभर. न्या तुम्ही."

"आन नाव?"

"ऱ्हाऊ द्या. तुमचं असलं त्वांड बघून मला नावंत बसवायचं न्हाई."

शेषेरावांनी नाही म्हणायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलंही त्याच्यासाठी, पण त्या तोंडाचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. ते म्हणाले, "पिशवी हाय का?"

घरी जाऊन त्यांनी मरळ चतुराबाईंसमोर टाकली. "घे. लागला."

चतुराबाईंनी हात धुतले, पदर खोचला, मासा उचलला. तोंड फाकवून आत बघितलं. एक गलफड, दुसरं गलफड. मग कल्ल्याजवळची रेघ बोटानं चाचपली.

"गळ कुठं लागलावता याला?"

"तोंडात."

"तोंड तर साबूत हाय. आन ही जाळ्याची खूण गळ्याशी." त्यांनी मासा खाली ठेवला. "केरबाला सांगा, मासा चांगला हाय."

शेषेराव उंबऱ्यात बसले. चोरी धरली गेल्यावर माणूस म्हातारा असो की पोर, बसतो तसाच बसतो.

"दोन महिने झाले," चतुराबाई म्हणाल्या. "रोज उठून जाता. एक मासा न्हाई. मग करता तरी काय तिथं?"

"चिंच हाय अजून," शेषेराव म्हणाले.

चतुराबाईंनी मिठाचा डबा ओढला.

"गळ तिलाच अडकतोय. तिथंच जातो मी. खोड उभं हाय, तोडल्याल्या माथ्यापशी हात दोन हात फाटे बी असतील. सगळे मासे तिनंच घेतले." मग, आता लपवण्यासारखं काही उरलंच नाही म्हणून, पुढचंही बोलून गेले. "मला येळवस करायची होती गं. आपल्या रानात. दुसऱ्याच्या कोपीतलं जेवून कटाळा आलाय."

चतुराबाईंनी मरळीवर मीठ टाकलं आणि पालथी पाटी झाकली. त्या रात्री कुणी ती मरळ शिजवली नाही.

सकाळी केरबा नाव न्यायला आला. मरळीची लबाडी उघडी पडली, आता ठरल्याप्रमाणं न्यायचीच, असं त्याच्या बायकोनं त्याला बजावून पाठवलं होतं. येऊन बघतो तर नावेत चतुराबाई बसलेल्या. डोळे गच्च मिटलेले. मांडीत आंबिलाची घागर, शेजारी भज्जीचं पातेलं, उंड्यांची टोपली, कडब्याच्या चार पेंढ्या आणि चुना लावलेले पाच खडे. शेषेराव काठावर, मोटर कशी बसवायची ते विसरून, पोत्याशी झटापट करत होते.

"केरबा," चतुराबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "ह्यांच्या भरोशावर मी पाण्यात येणार न्हाई. तू चल. वल्हं घे."

"आक्का, आज नाव माझी झाली न्हवं?"

"झाली. म्हणून तर तुला म्हणून राहिले. तुझ्या नावंतनं आमच्या रानात सोड. आन जेवायला थांब."

केरबानं वल्ही घेतली. लिंब समोर आलं, कळस डावीकडं आला, तसे शेषेराव म्हणाले, "हां, हितं." त्यांनी गळ नसलेली दोरी, टोकाला सगळं उरलेलं शिसं आणि एक वाकवलेला खिळा बांधून, खाली सोडली. जरा ओढली. धरली.

"घे. बघ."

चतुराबाईंनी डोळे उघडले, पण पाण्याकडं नाही, दोरीकडं. दोरी हातात घेतली. बराच वेळ धरून बसल्या. "आपलीच हाय का?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या कुणाची इथं येईल?"

त्यांनी दोरी आपल्या हातानं नावेच्या कडीला बांधली. नाव चिंचेला बांधली गेली. मग नावेच्या नाकाशी पेंढ्या उभ्या करून वीतभर कोप केली, आत पांडव मांडले, आणि चतुराबाई पळसाच्या पानानं चर शिंपायला लागल्या. केरबानं नाव हळूहळू गोल फिरवली, दोरी ताणली जाईल एवढाच वळसा घेत. "ओलगे ओलगे सालम पोलगे," शेषेरावांनी चर शिंपतानाची आरोळी दिली. आवाज असा फुटला की टेकडीवरच्या शेतातल्या कोपीतनं लोक बाहेर आले आणि पाण्याकडं बघत उभे राहिले.

आंबिलाचे थेंब पडले तिथं पाणी खळबळलं. उंड्याचा चुरा पडला, आणि खालून बोटभर, वीतभर मासे वर आले, दहा, वीस, शेषेरावांच्या हाताखालून, न भिता.

चतुराबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. "दोन महिने नांदेडचा बाजार पाण्यात घातला. माझं चार थेंब आंबील बघा."

केरबा एवढा हसला, की नाव डुलली, आणि चतुराबाईंनी शेषेरावांचा दंड धरला. पोटभर जेवून केरबानं आंबिलाची तारीफ केली. "आणखी घे," शेषेराव म्हणाले. "आमच्या रानात आलास, लाजू नको." हे वाक्य त्यांनी सोळा-सतरा वर्षांनी म्हटलं होतं. परत येताना पोट दुखलं नाही.

नाव केरबाकडंच राहिली. त्यानं तिला हिरवा रंग दिला. येळवशीचा एक दिवस तेवढी ती शेषेरावांची, असं ठरलं. अर्जुनराव अजून नाव बघायला यायचेत. शेषेराव आता बोलताना जरा सांभाळून बोलतात, असं ते स्वतः सांगतात.

पुढच्या येळवशीला नावेत शेषेराव आणि केरबा दोघंच होते. आंबील सुनेनं केलं होतं, जरा पातळ झालं होतं. चतुराबाई दोन हजार पंचवीसच्या श्रावणात, पोळ्याच्या चार दिवस आधी, वारल्या.